सव्वादोन मीटर कापड आणि एकच काप: किमोनोच्या हिशोबानं जॅकेट कसं शिवायचं

आधी एक हिशोब करून बघा. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुती कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच, त्याचे उभे तीन पट्टे केले की एकेक पट्टा येतो साडेचौदा इंचाच्या जरासा वर, म्हणजे ३७ सेंटिमीटर. आता जपानमध्ये किमोनोसाठी जे कापड विणतात, तान्मोनो म्हणतात त्याला, त्याचा पन्हा किती असतो? ३६ ते ३८ सेंटिमीटर! म्हणजे तुमच्या कपाटात पडलेल्या कुठल्याही सुती कापडाचे तीन पट्टे फाडले की तुमच्या हातात तान्मोनोच आलं की. मला हे कळलं तेव्हा मी तोक्योत निशिकासाईच्या आमच्या घरात आईची एक विरत चाललेली सुती नारायणपेठ मांडीवर घेऊन, हिचं काय करायचं असा विचार करत बसले होते, टेप लावला आणि हसायलाच आलं.

मी इथे सहा वर्षं आहे आणि त्यातली तीन वर्षं वॉर्डाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या वासाईच्या क्लासला जातेय (वसईशी काही संबंध नाही, वासाई म्हणजे किमोनो वगैरे जपानी कपडे शिवायची पद्धत). क्लासमध्ये मी सोडून सगळ्या सत्तरीच्या पुढच्या बायका, आणि शिकवणाऱ्या सेन्सेई तर त्याहून मोठ्या. पूर्ण किमोनो शिवायला मला दीड वर्ष लागलं, ते इथे सांगत नाही, घाबरून पळाल. पण त्याच हिशोबानं एक छोटं जॅकेट होतं, हाओरी (किमोनोवर घालायचं समोरून उघडं जॅकेट) आणि हान्तेन (थंडीत घालायचं आखूड, कापूस भरलेलं जॅकेट) यांच्या मधलं काहीतरी म्हणा, ते मी आत्तापर्यंत सात जणांना शिवून दिलंय आणि ते कुणालाही जमेल, शिवणकाम फारसं येत नसेल तरी. धावदोरा घालता आला की झालं.

पण आधी हे समजून घ्या की यात विशेष काय आहे, नाहीतर तुम्ही आपल्या सवयीनं कापड छाटून मोकळे व्हाल. किमोनोचं एक तान्मोनो साधारण १२ मीटर लांब. त्यातून निघतात आठ तुकडे: अंगाचे दोन लांब पट्टे, जे पुढच्या खालच्या टोकापासून खांद्यावरून मागच्या टोकापर्यंत अखंड जातात, म्हणजे खांद्यावर शिवणच नाही. मग दोन बाह्या, समोर एकमेकांवर येणाऱ्या दोन अरुंद पट्ट्या, एक कॉलर, आणि कॉलरीवर घालायची अजून एक छोटी कॉलर. सगळे सरळ चौकोन. मुंढ्याचा गोल नाही, गळ्याचा गोल नाही, कमरेला कळ्या नाहीत. त्यामुळे कापून चिंध्या उरतच नाहीत. आणि खरी गंमत पुढे आहे. माणूस बारीक असला तर पट्टा अरुंद कापत नाहीत, जास्तीचं कापड शिवणीत आत घालून ठेवतात. किमोनोत कापड कमी करत नाहीत, लपवतात. पुढे आईचा किमोनो मुलीला द्यायचा झाला आणि मुलगी रुंद निघाली की शिवण उसवायची, लपवलेलं बाहेर काढायचं.

हे उसवणं म्हणजे काही बिघडलं म्हणून करायची गोष्ट नाही, ते ठरलेलंच असतं. अराइ-हारि नावाचा प्रकार आहे, त्यात अख्खा किमोनो उसवतात, तुकडे परत एकाला एक जोडून लांब पट्टा करतात, तो धुतात, खळ लावतात आणि बांबूच्या लवचिक काड्यांनी ताणून वाळवतात, मग परत शिवतात. म्हणजे कपड्याचं पुन्हा कापड होतं. सगळं हातानं धावदोऱ्यानं शिवलेलं असल्यामुळे एक टोक धरून ओढलं की दोरा सर्रकन येतो. एदोच्या काळात, एदो म्हणजे तोक्योचं जुनं नाव, बहुतेक लोक जुनेच कपडे विकत घ्यायचे, जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरायचा, आणि किमोनो अगदी विरला की बाळाचे लंगोट, मग पुसायची फडकी, आणि शेवटी चुलीत जाऊन राख, तीही विकत घेणारे लोक होते. आता इथल्या आज्यांच्या कपाटात रेशमी किमोनो नुसते पडून असतात आणि बाजारात जुने ५०० येनलाही मिळतात, ती वेगळीच रडकथा आहे.

एक मध्येच सांगते. आपल्याकडे शिवण क्लासमध्ये 'किमोनो बाही' शिकवतात ना, अंगासकट एकत्रच कापलेली, ती किमोनोत नसते! किमोनोची बाही चक्क वेगळा चौकोन असतो, सरळ शिवणीनं जोडलेला. हे मी सेन्सेईंना सांगितलं तर त्यांना समजेचना की माझं नक्की म्हणणं काय.

आता कापड. साधं विणीचं सुती घ्या, खादी, हातमाग, जुनी सुती साडी, काहीही, फक्त फाडल्यावर सरळ फाटलं पाहिजे. कोपऱ्यात एक छोटा काप देऊन फाडून बघा, धाग्याला धरून सरळ गेलं तर चांगलं, वेडंवाकडं गेलं तर ते कापड यासाठी नाही. जॉर्जेट, क्रेप, अंगाला ताणणारं होजिअरी, हे नको. चादरीचं कापड पहिल्या प्रयत्नाला उत्तम, बिघडलं तरी जीव तुटत नाही. पट्ट्यांचं कापड असेल तर सुंदरच दिसतं, आणि पट्ट्यांवरून आठवलं, जपानीत पट्ट्यापट्ट्यांच्या एका पातळ रेशमी कापडाला चाउ-जिमा म्हणतात, हाकामा म्हणजे ते घेरदार पायघोळ असतं ना त्यासाठी वापरायचे, तर त्यातलं चाउ म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल! पोर्तुगीजांनी तिथलं कापड इकडे आणलं आणि गावाचं नाव कापडाला चिकटलं, पुढे क्योतोतच तसं विणायला लागले तरी नाव तेच राहिलं. अशीच सान्तोमे-जिमा म्हणजे मद्रासच्या सान थोमेवरून. त्यामुळे कुणी विचारलं की हे काय जपानी फॅड, तर म्हणावं कापड आपल्याकडूनच गेलं होतं.

सव्वादोन मीटर घ्या. आपल्याला लागणार आहेत ८२ इंच, म्हणजे २ मीटर ८ सेंटिमीटर, पण कोरं सुती कापड आटतं, म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, जरा दमट असतानाच इस्त्री करून मग मोजा. खादी तर दोनदा भिजवा. मी हे पहिल्यांदा आळस करून टाळलं होतं आणि पहिल्या धुण्यानंतर ते जॅकेट माझ्या पुतणीला झालं.

मग ८२ इंचावर आडवं फाडा आणि उभे तीन पट्टे करा. दोन कडेचे पट्टे आणि एक मधला. हे नीट लक्षात ठेवा, कारण कडेच्या पट्ट्यांना एका बाजूला कापडाची मूळ किनार आहे, तिचे धागे सुटत नाहीत, आणि मधल्या पट्ट्याला दोन्हीकडे फाटकी कड आहे. खऱ्या तान्मोनोला दोन्हीकडे किनार असते म्हणून त्यांना इंटरलॉकची गरजच पडत नाही, आपल्याला ती चैन अर्धीच आहे.

कडेच्या प्रत्येक पट्ट्यातून ६० इंचाचा एक आणि २२ इंचाचा एक तुकडा. ६०चा झाला अंगाचा, २२चा बाहीचा. दोन पट्टे, म्हणजे अंगाचे दोन, बाह्या दोन. मधला पट्टा उभा मधोमध फाडा, सव्वासात इंचाच्या दोन लांब पट्ट्या मिळतील, प्रत्येकी ८२ इंच. एक पट्टी कॉलरची. दुसरीतून २०-२० इंचाचे दोन तुकडे बगलेखालच्या कळीसाठी, जपानीत माचि, आपले जुने शिंपी ज्याला चौबगला म्हणायचे त्याचाच लांब भाऊ. मग ११-११ इंचाचे दोन खिसे. उरले २० इंच, त्याच्या उभ्या चार पट्ट्या म्हणजे चार नाड्या. संपलं कापड! एक दोरा सोडून काही उरलं नाही पाहिजे, उरलं असेल तर मोजताना चुकलात.

साडीचं करणार असाल तर अजून मजा आहे. साडी साडेपाच मीटर धरली तर दोन जॅकेटं होतात आणि पदराकडचा सव्वा मीटर तुकडा उरतो. आणि साडीचे काठ येतात कडेच्या पट्ट्यांवर, म्हणजे किनारीच्या बाजूला, म्हणजेच बाहीच्या मनगटाला आणि पाठीच्या मधोमध दोन काठ शेजारी शेजारी! मुद्दाम डिझाइन करायला गेलं तर इतकं जमणार नाही. पाठीची शिवण मात्र अगदी कडेवरून, दोन सूतच (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत घ्या, नाहीतर काठ शिवणीत जातो. जुन्या साडीत निऱ्यांकडचा भाग आणि खालचा काठ जास्त विरलेला असतो, उजेडासमोर धरून बघा आणि विरलेला भाग खिशांना आणि कळीला वापरा.

दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो, ओढ बसली की दोरा टिकतो आणि जुनं कापडच फाटतं. आपल्याला उलटं हवंय, शिवण तुटली तर पाच मिनिटांचं काम आहे, कापड फाटलं तर काय करणार.

शिवायला सुरुवात पाठीपासून. अंगाचे दोन्ही तुकडे ६०चे, मधोमध दुमडून ३० इंचावर खांद्याची खूण करा. आता पुढचा भाग कुठला आणि मागचा कुठला हे ठरवा आणि पुढच्या भागावर रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा, का ते पुढे सांगते. दोन्ही तुकड्यांच्या किनारीच्या बाजू एकमेकांवर ठेवून मागच्या खालच्या टोकापासून वर खांद्याच्या खुणेच्या पाऊण इंच अलीकडेपर्यंत धावदोरा घाला, टाका तीन-चार मिलिमीटरचा. इथल्या बायका सुई जागच्या जागी धरतात आणि कापड खालीवर हलवत सुईवर चढवत नेतात, एका दमात वीतभर शिवण, तितक्यात मी सुईत दोरा ओवत असते. शिवून झालं की इस्त्री करताना घडी बरोब्बर टाक्यांवर पाडायची नाही, अर्धा सूत पुढे पाडायची, म्हणजे बाहेरून टाके दिसत नाहीत आणि शिवणीला थोडी ओढ सहन करायला जागा राहते. याला किसे म्हणतात. दिसायला एवढंसं, पण हातशिलाईचा कपडा घरगुती दिसतो की नीटस दिसतो ते इथेच ठरतं, त्यामुळे प्रत्येक शिवणीला करा.

आता तो एकमेव काप. गळ्यासाठी मधल्या शिवणीपासून डावीकडे साडेतीन इंच आणि उजवीकडे साडेतीन इंच असा आडवा काप द्यायचा, बस. गोल नाही, खोल नाही. पण हा काप खांद्याच्या खुणेवर द्यायचा नाही, तिच्या पाऊण इंच मागे, पाठीच्या बाजूला, जिथे तुमची शिवण थांबलीय तिथे. त्यामुळे कॉलर मानेला चिकटत नाही, जरा मागे बसते, कुरिकोशी म्हणतात या मागे घेण्याला, आणि बायकांच्या किमोनोत मानेचा मागचा भाग जो छान उघडा दिसतो तो यामुळेच.

माझ्याकडून दुसऱ्या जॅकेटच्या वेळी काय झालं ते सांगते. रात्री अकराला, टीव्ही चालू, कापड कधीतरी उलटं झालं असणार, मी पाठ समजून पुढचा भाग शिवला आणि काप गेला पाऊण इंच पुढे. कळलं कधी, तर कॉलर कच्च्या टाक्यानं लावून अंगात घातल्यावर, सारखं मागे ओढलं जात होतं, गळ्यापाशी दाटत होतं. मी रडकुंडीला. दुसऱ्या दिवशी क्लासला नेलं तर सेन्सेईंनी बघितलं, काही न बोलता कॉलरीचा टाका ओढून काढला, पाठीची शिवण उसवली, तुकडे फिरवले, आणि आत्तापर्यंत जी समोरची उघडी बाजू होती ती पिना लावून जोडून दिली. काप गेला मागे! दहा मिनिटं. कारण पुढचा आणि मागचा भाग सारखाच, नुसता लांब चौकोन, त्याला कुठे ठाऊक आहे मी पुढचा की मागचा. आपल्या ब्लाउजच्या बाबतीत हे करून दाखवा. तर म्हणून तो रंगीत टाका घालायचा, आणि घातला नाहीत तरी मरत नाही.

बाह्या आता, कापड सपाट आहे तोवरच. बाहीचा २२चा तुकडा मधोमध दुमडून तो मधला बिंदू खांद्याच्या खुणेशी जुळवा, किनारीची बाजू मनगटाकडे, म्हणजे तिथे दुमडायला नको. फाटकी कड अंगाच्या फाटक्या कडेशी जोडायची. आणि इथेच लपवायचं काम सुरू होतं. तुमच्या छातीच्या मापाला चारनं भागा आणि अडीच इंच मिळवा, तेवढी रुंदी पाठीच्या एका बाजूला हवी. छाती ३६ असेल तर साडेअकरा. पट्टा आहे साडेचौदाचा, म्हणजे तीन इंच जास्त. हे तीन इंच कापायचे नाहीत! शिवण साडेअकरावर घाला, उरलेलं अंगाच्या आत पालथं घालून कड अर्धा इंच दुमडून विरळ टाक्यांनी टाचून टाका. खांद्यापाशी थोडं जाड होतं, ते चालतं, उलट खांदा छान बसतो. माझ्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात मी असंच तीन इंच मार्जिन बघून नीटनेटकेपणा म्हणून कात्री उचलली होती आणि चार आज्या एकदम ओरडल्या होत्या, एरवी ज्या शिंकतानाही आवाज करत नाहीत.

छाती ४२-४४ असेल तर लपवायला फारसं उरत नाही, सगळा पट्टा वापरा, आणि कळीपण पूर्ण रुंद ठेवा. त्यामुळेच हे एकच माप ३२ पासून ४८ पर्यंत सगळ्यांना चालतं, आणि तीच व्यक्ती बारीक-जाड झाली तरी.

कळी बगलेखालून खाली टोकापर्यंत, पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये. बारीक असाल तर वर १ इंच आणि खाली ३ इंच दिसेल अशी निमुळती, जास्तीचं आत दुमडून, तीही न कापता. कळीचं वरचं टोक आणि बाहीची खालची शिवण जिथे भेटतात तो कोपरा त्रास देतो, तिथे तीन-चार टाके उलटे घालून पक्कं करा. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात घालायचं असेल तर बगलेखाली दोन-अडीच इंच न शिवता मोकळं सोडा, बायकांच्या किमोनोत ते मोकळं असतंच, हवा मस्त खेळते, फक्त आत काय घातलंय ते हात वर केला की दिसतं, त्या हिशोबानं बघा. फाटक्या कडा प्रत्येक ठिकाणी दुमडून टाचून घ्या, कंटाळवाणं काम आहे, मी यूट्यूबवर काहीतरी लावून देते. खालची घडी २ इंचाची, ती मोठी ठेवलीय मुद्दाम, उद्या उंच माणसाला द्यायचं झालं तर सोडवता येते. तयार उंची येते २८ इंच.

लहान मुलांसाठी करणार असाल तर अजून सोपं. इथे पोरांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेला मोठाल्या चुण्या घालून ठेवतात, मूल वाढलं की एकेक सोडायची. आपण परकराला टक घालायचो तेच. शाळेच्या गणवेशाला का कोण घालत नाही देव जाणे.

आता कॉलर, इथे जरा थांबून करा. गळ्याच्या आडव्या कापाच्या टोकापासून पुढे खाली येताना सरळ न येता तिरकं यायचं, साधारण १५ इंच खाली आल्यावर समोरच्या कडेला मिळायचं. खडूनं रेघ मारा. त्या रेघेच्या बाहेर जो लांबट त्रिकोण उरतो, वर साडेतीन इंच आणि खाली शून्य, तो परत, सांगायला नको, कापायचा नाही. कॉलरची पट्टी सुलट बाजूला रेघेवर ठेवून, पाठीच्या मध्यापासून सुरुवात करून आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला खालपर्यंत शिवा, एका टोकापासून सुरू केलं तर कॉलर हमखास पिळवटते. मग तो त्रिकोण घडी घालून कॉलरच्या पोटात ठेवा, पट्टी त्याच्यावरून आत वळवा, कड दुमडून तुरपाई. कॉलरला कॅनव्हास लागत नाही, त्रिकोणच कॅनव्हास. तयार कॉलर तीन इंच रुंद होईल. साडीचं असेल तर काठ वर कॉलरीत गडप होतो आणि छातीखाली हळूच परत बाहेर येतो, मला ते सगळ्यात आवडतं.

कॉलरची पट्टी ८२ इंच होती, लागली असेल साधारण ६५. उरलेल्या १७ इंचाच्या तुकड्याच्या दोन्ही कडा दुमडून तो मानेच्या मागे कॉलरवर पांघरुणासारखा विरळ टाक्यांनी लावा. केसांचं तेल, घाम, सगळं तो झेलतो, आपण तेवढाच काढून धुवायचा, आणि फाटला की नवा. आत्ता माझ्या निळ्या जॅकेटला तिसरा आहे, एका जुन्या बांधणीच्या ओढणीचा.

नाड्यांची जागा ठरलेली नाही. साधी पद्धत म्हणजे दोन समोर छातीखाली, हाओरीसारखं, मधे अंतर ठेवून सैल गाठ. उरलेल्या दोन आतून बगलेखाली एकेक लावल्यात तर थंडीत समोरचे भाग एकमेकांवर घेऊन बांधता येतात, बाराबंदीसारखं. तसं बांधाल तेव्हा तुमची डावी बाजू वर यायला हवी, मग पुरुष असो की बाई. उजवी वर फक्त मृताच्या अंगावर असते, आणि पहिल्या दिवशी मी नेमकी तशी बांधून हॉलमध्ये गेले होते, एक आजी लगबगीनं उठून आली आणि काही न बोलता माझं सोडून परत बांधून दिलं. खिसे बाहेरून कुठेही लावा, माझे जरा खाली आहेत, मोबाइल ठेवला तर मांडीवर आपटतो.

बटण नाही, चेन नाही, इलॅस्टिक नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाहीच. कुर्त्यावर, जीन्सवर, साडीवर शालीऐवजी, एसीच्या ऑफिसात, सगळीकडे जातं. स्वयंपाक करताना बाह्या आमटीत बुडतात, तेव्हा इथे तासुकि नावाची लांब दोरी वापरतात, दोन-सव्वादोन मीटरची नाडी एका काखेतून पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर, परत काखेतून, पाठीवर फुली येते आणि बाह्या वर अडकतात. ओढणीनंपण जमतं.

मशीनवर शिवलं तर चालेल का, हे सगळेच विचारतात. चालेल, लवकर होईल, पण टाका सगळ्यात मोठा ठेवा आणि दोरा सुती, आणि कॉलर तरी हातानं लावा. बारीक टिपेनं शिवून वर इंटरलॉक मारलं तर दिसायला हेच जॅकेट होईल, फक्त पाच वर्षांनी उसवायला बसाल तेव्हा कापडाची चाळण होईल, आणि मग एवढं सगळं लपवून ठेवलंय कशाला.

कुठे विरलं की आतून ठिगळ द्या, वरून धावदोरे घाला, साशिको म्हणतात त्याला. याचं आता फार कौतुक झालंय, बोरो म्हणून महागड्या दुकानात ठिगळं विकतात, पण मूळ उत्तरेकडच्या आओमोरीसारख्या थंड भागात कापूस पिकायचाच नाही, अंबाडी-तागासारख्या धाग्यांच्या कपड्यांवर दिवस काढायचे, सुती चिंधी दक्षिणेकडून जहाजानं यायची आणि सोन्यासारखी जपली जायची, त्यातून ती ठिगळांवर ठिगळं आली. आपली गोधडी माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. माझ्या जॅकेटच्या कोपरांवर खिशातलंच कापड लावलंय, खिसा अर्धा इंच लहान झाला.

धुताना एकच करा. नाड्या एकमेकींना बांधून मग मशीनमध्ये टाका. मी एकदा विसरले होते, तर चारही नाड्या नवऱ्याच्या शर्टाला, दोन मोज्यांना आणि एका टॉवेलला अशा काही गुंडाळल्या गेल्या की तो गठ्ठा सोडवण्यात रविवारची अख्खी दुपार गेली, आणि शेवटी जे फाटलं तो शर्ट होता.